कॅक्टसच्या बिया उगवायलाच तयार नाहीत, ऊन जास्त झालं का उजेड कमी पडला?

कोरडवाहू_सेलू | २१ एप्रिल, रात्री १०:४०

राम राम मंडळी. नवीनच लागलेला नाद आहे, सांभाळून घ्या. पाडव्यानंतर ऑनलाईन १०० बियांचं मिक्स पाकीट मागवलं, त्यात मॅमिलॅरिया, जिम्नोकॅलिशियम आन् गोल्डन बॅरल असं लिहिलेलं होतं. आमच्या शेतातली काळी माती, अर्धं शेणखत, सगळं एकजीव करून मिठाईच्या पारदर्शक डब्यात भरलं, बोटाच्या पेरभर खोल बी टाकलं, हरभरा टाकतो तसंच, वरून पाणी मारलं, झाकण लावलं आन् डबा गच्चीवर ठेवला. कॅक्टस म्हणजे वाळवंटातलं झाड, त्याला जितकं ऊन तितकं बरं असा माझा हिशोब. आज २४ दिवस झाले. एक कोंब नाही. वर हिरवी शेवाळ आन् कडेला पांढरी बुरशी तेवढी आली. बी जुनं दिलंय का मला? विकणाऱ्याला एक स्टार देऊन तसं लिहून बी टाकलंय. पण मनात येतंय की चूक माझीच तर नसंल. ऊन, उजेड, गरमी, ह्यातलं नेमकं काय लागतंय ह्या बियांला?

जालन्याची_ज्वारी | २१ एप्रिल, रात्री १०:५२

दुपारी बारानंतर परभणी जिल्ह्यात रस्त्यावर माणूस उगवत नाही, बी कुठून उगवंल दादा 😄

माळावरची_बाभळ | २१ एप्रिल, रात्री ११:१५

ज्वारी, हसण्यावारी नका नेऊ, उत्तर त्यातच आहे. कोरडवाहू, दोन गोष्टी सांगा. डब्याच्या आत दुपारी किती डिग्री होतंय ते मोजलंय का? मुलांच्या तापाचं थर्मामीटर नका घालू, ते ४२ च्या पुढं जात नाही. आणि पेरभर खोल म्हणजे नक्की किती, एक इंच?

निवडुंगवेडी | २२ एप्रिल, सकाळी ७:०५

मी संभाजीनगरला गेली १४ वर्षं बियांपासून कॅक्टस करतेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

पहिली गोष्ट खोली. मॅमिलॅरियाची बी खसखशीएवढी, काहींची तर त्याहून बारीक. खसखस एक इंच मातीखाली गाडली तर तिच्या पोटात तेवढी शिदोरी असते का वर यायला? नसते. म्हणून ह्या बारीक बियांनी स्वतःची सोय करून ठेवलीय, ओल मिळाली तरी त्या आधी उजेड बघतात, आणि उजेड नसेल तर झोपून राहतात. अंधार म्हणजे आपण खोल आहोत एवढं त्यांना कळतं. बहुतेक गोल, बुटक्या कॅक्टसांचं असंच आहे. उंच खांबासारखे वाढणारे आहेत त्यातल्या काही जाती अंधारातही उगवतात, पण उजेडात अजिबात उगवत नाही आणि अंधारच लागतो असा कॅक्टस मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा बी नेहमी वरच टाकायची, मातीवर नुसती पसरायची, फार तर वर बारीक खडीचे विरळ दाणे.

दुसरी गोष्ट, उजेड आणि ऊन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बियांना उजेड लागतो, ऊन नाही. साधी एलईडी ट्यूब वीतभर अंतरावर रोज १२-१४ तास लावली तरी भरपूर होतं. झाकण लावलेला डबा उन्हात ठेवला की आतली हवा बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापते, दार लावून उन्हात उभी केलेली गाडी आठवा.

तिसरी गोष्ट तापमान. बहुतेक जाती २० ते ३० मध्ये खूश असतात, २५ च्या आसपास सगळ्यात जास्त. १५ च्या खाली रेंगाळतात, ३५ च्या वर उगवण घसरते आणि ४० च्या वर बहुतेक जाती बंदच. आता तुम्हीच सांगा आपल्याकडं एप्रिलमध्ये गच्चीवर २५ कधी असतं? पहाटे चारला.

गोदातीर_नांदेड | २२ एप्रिल, दुपारी १:३०

ताई तुमचा अनुभव मोठा आहे पण मला हे पटत नाही. मी स्वतः कुंडीत निवडुंगाच्या बिया मातीत झाकून लावल्या होत्या, मस्त उगवल्या, उजेड-बिजेड काही बघितलं नाही. इंटरनेटवर वाचून लोक लई किचकट करायलेत सोप्या गोष्टीला. आमच्या रानात बांधाला कोण ट्यूब लावली होती?

निवडुंगवेडी | २२ एप्रिल, दुपारी २:१०

दादा, कोणता निवडुंग? बी केवढी होती? आणि किती दिवसांनी उगवली?

गोदातीर_नांदेड | २२ एप्रिल, रात्री ९:००

फड्या. लाल बोंडातलं बी. मसुरीएवढं असंल, दगडासारखं कडक. लावलं होतं दिवाळीत, उगवलं मृगात.

निवडुंगवेडी | २२ एप्रिल, रात्री ९:२०

मग आपण दोघंही बरोबर आहोत 🙂 फड्याचं बी मोठं असतं, पोटात शिदोरी भरपूर, त्यामुळे उजेडासाठी ते एवढं अडून बसत नाही. पण त्याच्याभोवती हाडासारखं कवच असतं, ते झिजून मऊ व्हायला महिने लागतात, म्हणून तुमचं सात-आठ महिन्यांनी उगवलं. लोक ते पॉलिश पेपरवर घासतात किंवा एका बाजूनं जरासं कापतात, पाणी आत शिरावं म्हणून. तोच उपाय मॅमिलॅरियाच्या बियांवर कराल तर भुकटी होईल. म्हणून आधी जात विचारावी लागते.

धाराशिवचा_म्हातारा | २३ एप्रिल, सकाळी ६:१५

फड्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी गावाबाहेर फड्याचं रानच होतं, जनावर आत गेलं तर काढायला माणसं लागायची, आणि मग काही वर्षांत ते सगळं आपोआप वाळून गेलं. आम्हाला ती दैवी गोष्ट वाटायची. मोठेपणी कळलं की ते किड्याचं काम. हा फड्या मुळात आपला नाहीच, अमेरिकेतून आलेला. त्याच्यावर जगणारा कोचिनील किडा, पांढऱ्या कापसासारखा दिसतो आणि चिरडला की रक्तासारखा लाल रंग निघतो, तो १९२६ साली हिंदुस्थानात आणून सोडला आणि त्यानं दख्खनचा फड्या संपवत आणला. त्याआधी १७९५ मध्ये त्याच्या एका भावकीतल्या किड्यानं दुसऱ्या जातीचा निवडुंग साफ केला होता, तोही बंगालमध्ये चुकून आणलेला, रंगासाठी हवा होता दुसराच किडा. आम्ही पोरं उरलेल्या झुडपांची बोंडं दगडावर घासून, बारीक कुसळं काढून खायचो, जीभ दिवसभर लालभडक. कुसळं नीट निघाली नाहीत तर मात्र दोन दिवस ओठ सुजलेले.

तुमची बी उगवो, कोरडवाहू.

जालन्याची_ज्वारी | २३ एप्रिल, सकाळी ८:४०

आजोबा, मग बांधावरचा तीनधारी निवडुंग आणि शेर, ते पण बाहेरचेच का?

निवडुंगवेडी | २३ एप्रिल, सकाळी ९:३०

ते कॅक्टसच नाहीत. ती युफोर्बियाची घराणी, एरंडाची लांबची भावंडं. फांदी मोडली की दूध येतं ते युफोर्बिया. खरे कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले, फक्त रिप्सॅलिस नावाचा एक झाडांवर लोंबणारा, बिनकाट्याचा कॅक्टस आफ्रिकेत आणि श्रीलंकेत निसर्गतः सापडतो. तुमच्याकडं तीनधारीचं बी असेल तर त्याला वरचे नियम लावू नका, ते जरा झाकलं तरी चालतं.

माळावरची_बाभळ | २३ एप्रिल, सकाळी ११:००

दुधाचा नियम अगदीच पक्का नाही हं ताई. मॅमिलॅरियाच्या काही जातींतही टोचलं की दूध येतं. खरी खूण म्हणजे काटे जिथून फुटतात ती लोकरीसारखी गादी, ती फक्त कॅक्टसला.

निवडुंगवेडी | २३ एप्रिल, सकाळी ११:२०

बरोबर. चूक मान्य.

विज्ञानमास्तर_लातूर | २३ एप्रिल, रात्री ८:४५

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून राहवलं नाही.

बीला उजेड "कळतो" म्हणजे काय होतं? १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग केला. ओल्या बियांवर थोडा वेळ लाल प्रकाश टाकला, बिया उगवल्या. लालनंतर अतिलाल टाकला, म्हणजे लालच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, तर बिया उगवल्या नाहीत. पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल असं आलटून पालटून कितीही वेळा केलं तरी शेवटचा प्रकाश कोणता होता त्यावरच निकाल ठरायचा. बीमध्ये एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम, ते दिव्याच्या खटक्यासारखं वागतं, लालनं चालू, अतिलालनं बंद. १९५९ मध्ये सॅग्वारो ह्या ॲरिझोनातल्या महाकाय कॅक्टसच्या बियांवरही हाच प्रकार दाखवून दिला गेला.

आता ह्यातली गंमत बघा. झाडाचं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि अतिलाल खाली सोडतं. म्हणजे दाट झाडाखाली पडलेल्या बीला उजेड असतो पण तो खटका बंद करणारा उजेड असतो, वर कोणीतरी आधीच जागा धरून बसलंय हे तिला समजतं. म्हणून कोरडवाहू, डबा उन्हातून काढाल तो मोठ्या झाडाच्या गर्द सावलीत ठेवू नका, खिडकीत किंवा ट्यूबखाली ठेवा. आणि हा खटका कोरड्या बीमध्ये काम करत नाही, बी पाणी पिऊन फुगल्यावरच करतो. पाकीट उन्हात ठेवून "उजेड दाखवला" असं होत नाही.

पैठणची_पैठणी | २३ एप्रिल, रात्री १०:१०

सर किती छान समजावलंत. मी मागच्या वर्षी तो जांभळ्या रंगाचा ग्रो लाईट घेतला १८०० रुपयांचा. मग तो चांगलाच म्हणायचा ना, त्यात लाल आहे?

विज्ञानमास्तर_लातूर | २३ एप्रिल, रात्री १०:३०

चालतो की ताई, पण पांढऱ्या ट्यूबमध्येही पुरेसा लाल असतो. पुढच्या वेळी २०० रुपयांत काम होईल. मधे चार तास लाईट गेली तरी घाबरू नका, बिया हिशोब ठेवून रुसत नाहीत.

कोरडवाहू_सेलू | २४ एप्रिल, संध्याकाळी ६:००

आज पोराच्या शाळेच्या प्रयोगाचं थर्मामीटर डब्यात ठेवलं. दुपारी अडीचला सावलीत ४२ आन् डब्यात ५६. छप्पन्न! मी दोनदा बघितलं. महिनाभर मी त्या बिया उकडीत बसलो. लई वाईट वाटलं खरं सांगतो. पण त्या रोपांच्या मूळ देशात जमीन ह्याच्यापेक्षा तापत असंल की, तिथं कशा जगतात मग?

निवडुंगवेडी | २४ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

कोरड्या जगतात. कोरडं बी झोपलेलं असतं, ते खूप सोसतं. ओलं झालं की आतलं सगळं जागं होतं, मग तेच तापमान मारतं आणि वर बुरशीला आमंत्रण. सॅग्वारोचंच घ्या, त्याची फळं जूनमध्ये पिकतात, एकेका फळात दोन हजारांच्या आसपास बिया, आणि जुलैत तिकडचा पावसाळा सुरू होतो. म्हणजे पेरणी कोरड्यात आणि उगवण पहिल्या पावसावर. आपल्या धूळपेरणीसारखंच. आणि तिथंही भर उन्हातली रोपं मरतात, वाचतात ती पालो वर्डे नावाच्या विरळ पानांच्या झाडाखालची. बाभळीसारखंच झाड आहे ते, सावली देतं पण अंधार करत नाही.

माळावरची_बाभळ | २४ एप्रिल, संध्याकाळी ७:४०

बाभळीचं कौतुक झालं, धन्यवाद 😊

आता कामाचं. काळी माती फेकून द्या, ती ओली असताना गच्च होते आणि वाळली की भेगा. गोदेची वाळू चाळून, विटांचा बारीक चुरा, थोडं कोकोपीट. ते ओलं करून कुकरमध्ये वाफवा, बुरशी आणि गवताचं बी दोन्ही मरतं. घरात वेगळा जुना कुकर असेल तर बरं, नाहीतर आधी घरच्यांना विचारा. उगवून आल्यावर कोंब एका रात्रीत आडवे पडायला लागले तर कॅप्टन बुरशीनाशक अगदी पातळ करून फवारायचं, आणि झाकण हळूहळू उघडत जायचं.

गोदातीर_नांदेड | २५ एप्रिल, सकाळी १०:२०

थंड ठेवायचं तर मे महिन्यात करायचं काय पण? सगळ्यांकडं एसी नसतो.

पैठणची_पैठणी | २५ एप्रिल, दुपारी १२:००

आमच्या घरी माठाला ओलं पोतं गुंडाळलेलं असतं, माझे डबे त्याच्या शेजारी उत्तरेच्या खिडकीत. बाहेर ४१ असताना तिथं २९-३० राहतं. कोरडी हवा आहे तोवर हे जमतं, पावसाळ्यात पोतं काही करत नाही पण तेव्हा गरजही नसते. कूलरच्या खोलीतही चालतं, फक्त वाऱ्याच्या थेट झोतात नको. आणि डिसेंबर-जानेवारीत आमचे डबे फ्रिजवर असतात, तिथं वरून हलकी ऊब येते.

माळावरची_बाभळ | २५ एप्रिल, दुपारी १२:४५

ह्यात एक भर. दिवस-रात्र तापमानात फरक हवा, दिवसा ३०, रात्री २०. सतत एकच तापमान असलं तर माझ्याकडं उगवण कमी होते. म्हणून मी सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत लावते, आपल्याकडं तेव्हा आपोआप तसं मिळतं.

निवडुंगवेडी | २५ एप्रिल, दुपारी १:१५

इथं मी असहमत. मी एकाच पाकिटाच्या बिया दोन ठिकाणी लावून बघितल्यात, एक कपाटात ट्यूबखाली २५-२६ वर, एक बाल्कनीत. जिम्नोकॅलिशियममध्ये काडीचा फरक नव्हता. काही जातींना फरक लागतो हे मान्य, पण सगळ्यांना नाही. थंडीतून गेल्याशिवाय न उगवणाऱ्याही जाती आहेत, पेडिओकॅक्टस, स्क्लेरोकॅक्टस, त्यांच्या डोंगरांवर बर्फ पडतो. त्यांचं ओलं बी लोक आठवडेच्या आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. मराठवाड्यात त्यांच्या नादी कोणी लागू नये, उगवलं तरी जगवणं कठीण.

माळावरची_बाभळ | २५ एप्रिल, दुपारी १:३०

माझा अनुभव माझ्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी. पण ऑक्टोबरवर मी ठाम.

विठू_हिंगोली | २६ एप्रिल, रात्री ९:०५

घरात काटेरी झाड ठेवू नये म्हणतात, कटकटी वाढतात. कोणाचा काही अनुभव?

धाराशिवचा_म्हातारा | २७ एप्रिल, सकाळी ६:००

आमच्या आईनं दारात ४० वर्षं कोरफड आणि निवडुंग ठेवला. भांडणं व्हायची ती बांधावरून.

विज्ञानमास्तर_लातूर | २७ एप्रिल, सकाळी ९:१०

कोरडवाहू, एक सुचवू? पुन्हा पाकीट मागवण्याआधी ड्रॅगन फ्रूट आणा. तोही कॅक्टसच, आणि आता आपल्याकडं बीड, लातूरकडं शेतकरी लावायलेत, सहज मिळतं. एका फळात शेकडो बिया, ताज्या. गर गाळणीत चोळून धुवा, कागदावर वाळवा. दोन डबे, सारख्या बिया, सारखं पाणी, एकच खोली. एक ट्यूबखाली उघडा, दुसरा पोळ्यांच्या फॉईलमध्ये पूर्ण गुंडाळून त्याच ट्यूबखाली. मुलालाही बसवा सोबत. आणि रोज उघडून बघायचं नाही, तेवढ्या उजेडानंही खटका चालू होतो!

कोरडवाहू_सेलू | १८ मे, रात्री ८:३०

मास्तर, केलं. कूलरच्या खोलीत २७ ते ३० च्या मधे ठेवलं, पोरानं तक्ता केला वहीत. प्रत्येक डब्यात ४० बिया ओल्या टिश्यूवर.

उघडा डबा: पाचव्या दिवशी पहिली मुळी दिसली, दहाव्या दिवशी ३४ उगवलेल्या.
गुंडाळलेला: दहाव्या दिवशी उघडला तर फक्त २. बाकीच्या ३८ फुगून टम्म पण गप्प.

पोरगं म्हणालं बाबा ह्या मेल्या, फेकू का? मी म्हणलं थांब. त्या तशाच ट्यूबखाली ठेवल्या. पुढच्या सहा दिवसांत अजून २९ उगवल्या! म्हणजे अंधारात मेल्या नव्हत्या, वाट बघायलत्या. खरं सांगतो, पोराच्या तोंडावरचा आनंद बघून मला शेतात पहिली मोड आल्यावर होतं तसं झालं.

मग मी गच्चीवरचा जुना डबा काढला. ती काळी माती पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीतून गाळली, दोन संध्याकाळी गेल्या, २३ बिया सापडल्या. वाफवलेल्या वाळूवर नुसत्या ठेवल्यात. बघू.

गोदातीर_नांदेड | १८ मे, रात्री ९:१५

काळी माती गाळून खसखस शोधली! धन्य आहे दादा तुमची. ताई, मी शब्द मागं घेतो, बारीक बियांचं तुमचं म्हणणं खरं निघालं.

निवडुंगवेडी | १८ मे, रात्री ९:४०

नका घेऊ मागं, फड्याबद्दल तुमचंही खरंच होतं. कोरडवाहू, त्या २३ मधून फार आशा नका ठेवू, ५६ डिग्रीत ओल्या राहिल्यात. पण खोल असल्यामुळं काही वाचल्याही असतील, तळाशी एवढं तापलं नसेल.

कोरडवाहू_सेलू | ११ जून, सकाळी ७:२०

मृगाचा पाऊस काल रात्री झाला, आन् आज सकाळी लिहायला बसलो. २३ पैकी ४ उगवल्या. ४. हिरव्या मोत्यासारख्या आहेत, टाचणीच्या डोक्याएवढ्या. बाकीच्या दाबून बघितल्या तर आतून पिचकलेल्या. म्हणजे बी चांगलं होतं, मीच उकडलं. विकणाऱ्याचा तो एक स्टारवाला शेरा आज काढून टाकला आन् त्याला तसा मेसेज बी केला. त्याच्याकडूनच दुसरं पाकीट मागवलंय, ते सप्टेंबरात लावणार, बाभळताईंच्या शब्दावर.

दोन शंका आहेत. एक, चारातलं एक रोप लालसर पडायलंय, ते ट्यूबच्या एकदम जवळ आहे. दोन, एकाच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकून बसलंय, नखानं काढू का?

माळावरची_बाभळ | ११ जून, सकाळी ८:००

लाल म्हणजे उजेड जास्त झाला, बीटात असतं त्याच घराण्याचं रंगद्रव्य आहे, रोप स्वतःला झाकून घेतंय. ट्यूब चार बोटं वर घ्या, परत हिरवं होईल. उलट फिकट आणि लांबुडकं झालं असतं तर उजेड कमी समजायचं.

निवडुंगवेडी | ११ जून, सकाळी ८:१०

टोपीला हात लावू नका! मान तुटते. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, झाकण लावून टाका, दोन-तीन दिवसांत आपोआप सुटेल.

कोरडवाहू_सेलू | १४ जून, संध्याकाळी ५:४५

सुटली. पोरानं ती टोपी काडेपेटीत जपून ठेवलीय.